गड दारचा, वाट वाटाड्याची

सातारा शहरांत राहणाऱ्या माणसाला अजिंक्यतारा किती उंच आहे असें विचारलें तर बहुधा तो मान वर करून गडाकडे पाहतो आणि म्हणतो, "हा काय, समोरच आहे!" उंचीचें उत्तर त्याच्यापाशीं नसतें. जें रोज खिडकींतून दिसतें तें आपल्याला माहीतच आहे असें मनुष्य धरून चालतो. स्वयंपाकघराच्या खिडकींतून चाळीस चाळीस वर्षें हा गड पाहिलेल्या, परंतु त्याच्या तटावर एकदांही पाऊल न ठेवलेल्या गृहिणी आपल्या ओळखीच्या घरांतून कितीतरी निघतील. उलट, पहाटे उठून डांबरी सडकेनें झपझप वर चढणारे आणि तितक्याच घाईनें खालीं उतरणारे नागरिकही पुष्कळ आहेत. त्यांच्या प्रकृतीला या व्यायामाचा लाभ होतो यांत संशय नाहीं. परंतु गडाची ओळख त्यांनाही होतेच असें नाहीं. या दोन्ही प्रकारच्या कुटुंबांना या महिन्यांत एक सूचना करावयाची आहे. येत्या हिवाळ्यांत एखादी सकाळ राखून ठेवून घरांतील सर्व लहानथोरांनीं मिळून, जाणत्या वाटाड्याला बरोबर घेऊन, पायवाटेनें गड चढावा. आणि वाटाड्या घेतल्यावर त्याचें ऐकावें. या सूचनेंतील शेवटचा भाग सर्वांत अवघड असल्यामुळें त्याविषयींच मुख्यतः लिहितों.

प्रथम गडाविषयीं थोडें. शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २३०० फूट उंचीवर वसलें आहे आणि गडाचा माथा ३३०० फुटांच्या आसपास आहे. म्हणजे प्रत्यक्ष चढण हजार फुटांचीच. सह्याद्रीचा जो फांटा कासच्या बाजूनें यवतेश्वरावरून पूर्वेकडे येतो त्याच्या टोंकाशीं हा गड उभा आहे. त्याच्या उत्तरेस वेण्णेचें खोरें, दक्षिणेस उरमोडीचें, आणि पूर्वेस कृष्णा. ज्या काळ्या पाषाणाचा हा डोंगर बनला आहे तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून बाहेर आलेल्या तप्त रसाचा असून त्याचे थर एकावर एक बसलेले आहेत. कठीण थर झिजत नाहीं, त्याचा उभा कडा होतो. मऊ थर झिजतो, त्याचा उतार होतो. म्हणून आपले डोंगर दुरून पायऱ्यांसारखे दिसतात आणि त्यांचे माथे सपाट असतात. डोंगरावरची वाटही या रचनेला धरूनच जाते. उतारावरून ती तिरपी तिरपी चढते आणि कड्यांत जेथें खिंडार असेल तेथेंच वर निघते. बहुधा त्याच ठिकाणीं किल्ला बांधणाऱ्यानें दरवाजा बसविलेला असतो. एवढें एक सूत्र मुलांना समजलें तरी पुढें कोणताही गड त्यांना अगदींच अनोळखी वाटणार नाहीं.

गडाचा इतिहास शालेय पुस्तकांत तुटक तुटक येतो. येथें तो एका ओळींत मांडतों. पन्हाळ्याच्या शिलाहार राजा दुसरा भोज यानें बाराव्या शतकाच्या अखेरीस हा गड बांधला अशी परंपरा आहे. विजापुरच्या आदिलशाहींत १५८० सालीं चांदबिबीला येथें कैदेंत ठेवण्यांत आलें होतें. १६७३ सालीं गड शिवछत्रपतींच्या ताब्यांत आला. १६९९ च्या डिसेंबरांत औरंगजेबानें त्याला वेढा घातला व पुढच्या एप्रिलांत तो घेतला, आणि शहाजादा आझम याच्यावरून त्याचें नांव आझमतारा ठेवलें. पुढें ताराबाईंच्या कारकीर्दींत मराठ्यांनीं तो परत मिळविला आणि तो अजिंक्यतारा झाला. १७०८ सालीं शाहूमहाराजांना राज्याभिषेक झाला तो साताऱ्यासच. १८१८ च्या फेब्रुवारींत गड इंग्रजांच्या हातीं गेला.

ही सनावळी घरीं बसून पाठ करतां येते. परंतु गडावर गेल्यावांचून न समजणाऱ्याही गोष्टी आहेत. १७०० सालच्या वेढ्याचेंच उदाहरण घेऊं. मोंगलांनीं सुरुंग लावण्यासाठीं ईशान्येचा कोपरा निवडला. १८१८ पासून कांहीं वर्षें साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि म्हणून राहिलेला आणि पुढें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ यानें या कोपऱ्याची उंची ६७ फूट दिली आहे. त्यांपैकीं ४२ फूट अखंड कातळ आणि वरचें २५ फूट बांधकाम. तारीख १३ एप्रिल. पहिला सुरुंग उडाला तेव्हां तटावरचे मराठे दगडमातीखालीं सांपडले. किल्लेदार प्रयागजी प्रभु हेही गाडले गेले, पण त्यांना जिवंत बाहेर काढतां आलें. खिंडार पडतांच आंत घुसावें म्हणून मोंगलांची फौज अगदीं कड्याखालीं येऊन उभी राहिली होती. इतक्यांत दुसरा, अधिक मोठा सुरुंग उडाला. बुरुज आंत न पडतां बाहेरच्या बाजूला कोसळला आणि सुमारें दोन हजार मोंगल त्याखालीं चिरडले गेले असें इतिहासकार सांगतात. ही हकीकत वाचतांना मनांत एक प्रश्न राहतो, कीं इतके लोक इतक्या जवळ कसे उभे राहिले? त्या कोपऱ्यावर उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे कातळाच्या पायाशीं किती थोडी जागा आहे आणि तिच्याखालीं उतार कसा एकदम घसरतो, हें डोळ्यांना दिसतें व प्रश्न आपोआप सुटतो. मात्र नेमका तोच कोपरा दाखविणारा मनुष्य जवळ पाहिजे. नाहींतर तटाच्या वळणांतील आणखी एक वळण म्हणून आपण तेथून पुढें निघून जातों.

संस्कृतांत वाटाड्याला एक सुंदर शब्द आहे: देशिक. ज्याला देश, म्हणजे ती जागा, ठाऊक आहे तो देशिक. पुढें याच शब्दाला गुरु असा अर्थ आला, आणि श्रीवैष्णव संप्रदायांतील एका थोर आचार्यांना वेदान्तदेशिक या नांवानेंच जग ओळखतें. वाट दाखविणारा आणि ज्ञान देणारा यांना एकाच शब्दांत बसविणाऱ्या पूर्वजांची दृष्टि किती मार्मिक होती हें छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायांतील एका दृष्टांतावरून कळतें. डोळे बांधून गांधार देशांतून आणलेल्या एका माणसाला कोणीतरी निर्जन रानांत सोडून दिलें. तो चारी दिशांना तोंड करून ओरडूं लागला. मग एकानें त्याच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली आणि गांधार या दिशेला आहे, इकडे जा, असें सांगितलें. तो शहाणा मनुष्य गांवोगांव विचारीत आपल्या घरीं पोंचला. आरुणि श्वेतकेतूला म्हणतो, ज्याला आचार्य मिळाला त्याचें असें होतें. या दृष्टांतांत पट्टी सोडणाऱ्यानें त्या माणसाला खांद्यावर घेऊन नेलें नाहीं. चालण्याचें काम त्याचें त्यालाच करावें लागलें. पण पट्टी सोडणारा भेटला नसता तर त्याच्या चालण्याचा कांहींएक उपयोग नव्हता. चांगल्या वाटाड्याचें काम नेमकें एवढेंच आणि एवढें मोठें असतें.

गेल्या मार्गशीर्षांत पुण्याहून आलेल्या एका परिचित कुटुंबाबरोबर गड चढण्याचा योग आला, तेव्हां हें काम जवळून पाहावयास मिळालें. मंडळी अकरा. सर्वांत वडील आजी सत्तरी ओलांडलेल्या, सर्वांत धाकटी नात सहा वर्षांची. वाटाड्या गडाच्या पायथ्याच्या वस्तीवरचा, तिशींतला तरुण. आमच्यांत दणकट कोण आहे हें त्यानें विचारलें नाहीं. गुडघे कोणाचे दुखतात, औषध कोण घेतें आणि न्याहारी कोणीं केली नाहीं, हे त्याचे पहिले तीन प्रश्न. नंतर त्यानें आजींना आपल्या पाठोपाठ ठेवलें आणि महाविद्यालयांत शिकणाऱ्या नातवाला सर्वांच्या शेवटीं. "आजींच्या पावलानं सगळ्यांनी यायचं," एवढेंच तो म्हणाला. नातवाला ही व्यवस्था अपमानाची वाटली असावी. अर्ध्या चढणीवर त्याला सरळ वर जाणारी एक पुसट वाट दिसली आणि तिकडून दहा मिनिटांत दरवाजाशीं पोंचूं असा त्यानें आग्रह धरला. वाटाड्या म्हणाला, "ती शेरडांची वाट हाय, दादा. माणसांची न्हाई." घरचे कर्ते गृहस्थ मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आपला शब्द चालविण्याची संवय असलेले. तेही नातवाच्या बाजूनें बोलूं लागले. त्या तरुणानें आवाज न चढवितां उत्तर दिलें, "तुम्ही वर जाल, काका. पण वाळल्या गवताखाली मुरूम सुटाय. पोरगं घसरलं तर त्याला आणायला मला जावं लागंल, आणि मग आजींजवळ कोण थांबणार?" क्षणभर सर्व स्तब्ध झाले. मग काका हंसले आणि म्हणाले, "बरं बाबा, तूं म्हणशील तसं."

त्या एका उत्तरानें मला फार कांहीं शिकविलें. आपल्या एकत्र कुटुंबांत वडिलांचा शब्द अखेरचा मानला जातो, आणि तें योग्यच आहे. कारण घराचा अनुभव त्यांना अधिक. परंतु डोंगरावर अनुभव ज्याचा अधिक तो तेथला वडील. वय, विद्या, हुद्दा, कुळ यांपैकीं कशाचाही तेथें अधिकार चालत नाहीं. अठरा माणसांचें घर चालविणाऱ्या कर्त्यानें चार तासांपुरता आपला अधिकार तिशींतल्या तरुणाच्या स्वाधीन करावा, हें मुलांनीं पाहण्यासारखें आहे. नम्रतेवरचीं सुभाषितें आपण त्यांच्याकडून पाठ करून घेतों. तिचें आचरण त्यांना क्वचितच पाहावयास मिळतें.

सव्वा तासानें आम्ही दरवाजाशीं पोंचलों, आजी पहिल्या. मंगळाईचें दर्शन झालें, ईशान्येचा कोपरा झाला. नंतर तटावर वाटाड्यानें एकेक दिशा दाखविण्यास आरंभ केला. पूर्वेस जरंडेश्वराचा डोंगर आणि अलीकडे कृष्णा-वेण्णांचा संगम, जेथें रामशास्त्री प्रभुण्यांचें माहुली. नैर्ऋत्येस समर्थांचा सज्जनगड. पश्चिमेस यवतेश्वराचा सपाट माथा. आजींचें लक्ष मात्र खालीं शहराकडे होतें. त्यांचें माहेर मंगळवार पेठेंतलें. वाडा केव्हांच पडला आणि तेथें आतां चार मजले उभे आहेत. तरी मंगळवार तळ्याचें पाणी त्यांना ओळखूं आलें आणि तेथून बोटानें मोजीत मोजीत त्यांनीं आपल्या वाड्याची जागा काढली. "लग्न होईपर्यंत माडीच्या खिडकींतून मी रोज इकडे वर बघत होतें," त्या सुनेला म्हणाल्या, "वरून तिकडे बघायचं राहून गेलं होतं." सून कांहीं बोलली नाहीं, तिनें त्यांचा हात धरला होता तो तसाच धरून ठेवला.

वाटाड्याचें न ऐकण्याची किंमत काय असते, याचा एक मोठा धडा युरोपच्या इतिहासांत नमूद आहे. १८२० सालच्या ऑगस्टांत हॅमेल नांवाचे एक शास्त्रज्ञ आल्प्समधील माँ ब्लाँ शिखर चढावयास निघाले. हवा बिघडली होती, ताजा हिम पडला होता आणि कांहीं वाटाड्यांना पुढें जाणें धोक्याचें वाटत होतें. तरीही पुढें जावयाचें ठरलें. हिमाचा थर सुटला आणि तीन वाटाडे खोल भेगेंत गाडले गेले. त्यांचे अवशेष हिमनदीच्या खालच्या बाजूस वर आले ते १८६१ सालीं, म्हणजे एकेचाळीस वर्षांनीं. या अपघातानंतर दुसऱ्याच वर्षीं, १८२१ मध्यें, पायथ्याच्या शामोनी गांवांत वाटाड्यांनीं आपली संस्था स्थापन केली. ती आजही चालू असून जगांतील अशा संस्थांत आद्य मानली जाते.

आपल्या हजार फुटांच्या चढणीवर हिम कोसळत नाहीं हें खरें. पण डोंगर लहान म्हणून निर्धोक असतो असें नाहीं. आफ्रिकेच्या दक्षिण भागांत केप टाउन या बंदराच्या अगदीं माथ्यावर टेबल नांवाचा पर्वत आहे. उंची १०८६ मीटर आणि माथा आपल्या गडांसारखाच सपाट. दगड मात्र तेथें वाळूचा. १९२९ पासून वर जाण्यास दोरावरून चालणारा पाळणा आहे, तरीही असंख्य लोक सकाळच्या वेळीं तो पायीं चढतात आणि पुष्कळजण वाटाड्या बरोबर घेतात. कारण समुद्रावरून आलेला ढग पाहतां पाहतां माथ्यावर पांढऱ्या चादरीसारखा पसरतो आणि दहा पावलांवरचा कडा दिसेनासा होतो. शहर पायाशींच आहे या समजुतीनें मनुष्य तेथें बेसावध राहतो. आपल्याकडेही श्रावण-भाद्रपदांतील धुकें, शेवाळलेला कातळ, चैत्र-वैशाखांतील ऊन आणि कड्याला लटकलेलें आग्या मोहोळ यांचा स्वभाव असाच आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं साहसी पर्यटनाविषयीं धोरण ठरविलें, त्यांत अशा सहली नेणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा व सुरक्षिततेचा विचार केला आहे. मोठी मंडळी घेऊन अवघड गडावर जावयाचें असेल तर नेणाऱ्याची नोंदणी, त्याचें शिक्षण व प्रथमोपचाराची सोय यांची चौकशी अवश्य करावी.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. काळ मार्गशीर्ष ते माघ उत्तम. सकाळीं सहाच्या सुमारास निघावें, म्हणजे चढण सावलींत होते. दीड-दोन तास तटावरून फिरून अकरापर्यंत खालीं यावें. अंगांत सैलसर सुती कपडे, पायांत खांचे असलेल्या तळाचे जोडे. चपला घरीं ठेवाव्या. गडावरच्या तळ्यांचें पाणी पिण्याच्या भरंवशावर जाऊं नये. मोठ्या माणसागणिक निदान दोन लिटर पाणी घरूनच न्यावें. शिदोरीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि लिंबू-मीठ-साखरेचें पाणी याहून वेगळें कांहीं लागत नाहीं. उग्र अत्तरें लावूं नयेत, मोहोळाखालीं धूर वा गोंगाट करूं नये. कागद, पिशव्या व बाटल्या मोजून न्याव्या आणि मोजून परत आणाव्या. तटाच्या चिऱ्यांवर नांवें कोरणाऱ्या मुलाला तेथेंच थांबवावें. १७०० सालीं ज्यांनीं तो तट राखला त्यांपैकीं कितीजणांचीं नांवें आपल्याला ठाऊक आहेत, एवढें त्याला विचारावें.

राहिला वाटाड्याचा मोबदला. तो आधीं ठरवावा आणि ठरल्यावर त्यांत घासाघीस करूं नये. भाजीच्या दराप्रमाणें वाटाड्याचा दर पाडून मागणारे सुशिक्षित लोक पाहिले म्हणजे खेद वाटतो. वरती देशिक शब्दाचा अर्थ सांगितला. गुरूला आपण मजुरी देत नाहीं, दक्षिणा देतों, आणि ती देतांना हात आंखडीत नाहीं. तसेंच, शिदोरी सोडतांना त्याला दूर एका दगडावर बसवून कागदांत चार घांस देण्याची जी जुनी खोड कांहीं घरांत अजून शिल्लक आहे ती टाकून द्यावी. ज्याच्या मागून घरांतल्या सर्वांत वडील स्त्रीनें निःशंकपणें पाऊल टाकलें त्याला आपल्या पंक्तींत बसवून, आधीं त्याला वाढून मग आपण जेवावें. त्या दिवशीं आजींनीं तसेंच केलें आणि कोणालाही तें सांगावें लागलें नाहीं.

सांगली-मिरजेकडील वाचक म्हणतील, आमच्या दाराशीं गड कोठें आहे? कृष्णाकांठची ती सपाट, काळी जमीन. तक्रार रास्त आहे. पण भोशाजवळचा दंडोबाचा डोंगर आणि त्यावरचें खोदीव देवालय मिरजेहून दूर नाहीं. देवराष्ट्र्याजवळचें सागरेश्वर तर अवश्य पाहावें. धों. म. मोहिते यांच्या ध्यासामुळें त्या उजाड टेकड्यांवर रान उभें राहिलें आणि १९८५ सालीं त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथें वनखात्याच्या नियमांप्रमाणें, तेथील जाणत्या माणसाला घेऊन हिंडावें. वाळव्याकडच्या मंडळींना मच्छिंद्रगड जवळ पडेल.

कोणताही डोंगर निवडा, पण घरांतील एकालाही मागें ठेवूं नका. स्वयंपाकाच्या सबबीवर सुनेला आणि वयाच्या सबबीवर आजीला घरीं ठेवून पुरुषमंडळींनीं व मुलांनीं गड पाहून यावा, अशी सहल आपण पुष्कळ वर्षें केली. सर्वांनाच तटापर्यंत जातां येईल असें नाहीं. ज्यांना पायवाट झेपणार नाहीं त्यांच्यासाठीं अजिंक्यताऱ्यावर सडक आहे. त्यांना वाहनानें वर आणून दरवाजाशीं बाकीच्यांची गांठ घालून द्यावी, आणि वाटाड्यानें त्यांनाही तितक्याच मनानें सर्व दाखवावें असें आधीं सांगून ठेवावें. मार्गशीर्ष फार दूर नाहीं. वाटाड्या कोण चांगला याची चौकशी आतांपासूनच पायथ्याच्या वस्तींत करून ठेवावी.